कुणी ठरवलं नसतानाही भेदभावाची व्यवस्था उभी राहते का?

प्रश्न असा: अमेरिकेतला वर्णभेद घ्या किंवा आपल्याकडचा जातीधर्माचा भेद घ्या, तो व्यवस्थेत मुरतो तेव्हा त्यामागे कायदा, फर्मान किंवा कट असावाच लागतो का? की हजारो माणसांनी आपापल्या घरापुरते, दुकानापुरते घेतलेले साधे निर्णय मिळूनही तसंच काहीतरी तयार होतं?

माझं उत्तर दोन भागांत आहे. निर्णय सुटे असले तरी माणसांचे गट पडतात, आणि ते फार सहज पडतात. पण गट पडणं म्हणजे अन्याय नव्हे. पाणी, शाळा, कर्ज, नोकरी असं काहीतरी मोलाचं त्या गटांना चिकटतं तेव्हा अन्याय सुरू होतो, आणि ते चिकटवण्याचं काम बहुतेक वेळा नियम आणि कचेऱ्या करतात. म्हणून ‘लोकांची मनं वाईट की व्यवस्था वाईट’ हा वाद घालण्यापेक्षा निर्णय कुठल्या दारातून जातात ते बघावं.

पहिला भाग घरच्या घरी तपासता येतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ साली हे दाखवणारं प्रारूप (मॉडेल) सविस्तर मांडलं. त्याला संगणक लागत नाही. बुद्धिबळाचा पट घ्या, घरं ६४. २५ चिंचोके, २५ हरभरे आणि १४ घरं रिकामी. सगळ्या घरांना आकडे देऊन चिठ्ठ्या काढा आणि चिठ्ठीप्रमाणे मांडा. हातानं ‘मिसळून’ मांडलंत तर आपला हात नकळत एकाआड एक ठेवतो आणि सुरुवातच चुकते. नियम एकच: आजूबाजूच्या आठ घरांत जितके शेजारी असतील त्यांतले निदान एक तृतीयांश आपल्यासारखे हवेत. म्हणजे तीनपर्यंत शेजारी असतील तर एक, चार ते सहा असतील तर दोन, सात-आठ असतील तर तीन. एवढं मिळालं तर दाणा जागचा हलत नाही. मिळालं नाही तर जिथं मिळेल अशा जवळच्या रिकाम्या घरात जातो. बहुसंख्य शेजारी परके असले तरी चालतील असंच हा दाणा म्हणतोय. इतका सहिष्णू घरमालक आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत शोधून सापडायचा नाही.

एका वेळी एकच दाणा हलवा, आणि कुठला हलवायचा ते चिठ्ठीनं ठरवा. सगळे नाराज दाणे एकदम हलवले तर दोन्हीकडून लोक एकमेकांच्या जागी धावतात आणि पट नुसता हेलकावत राहतो. रिकामी घरं पाच-सहाच ठेवली तर नाराजांना जायला जागा नसते, खेळ अडकतो. नीट खेळलात तर काही फेऱ्यांत पट शांत होतो. सुरुवातीला सरासरी निम्मे शेजारी आपल्या जातीचे असतात, शेवटी तो आकडा साधारण ७० टक्क्यांच्या आसपास पोचतो. मागणी ३३ टक्क्यांची, निकाल ७० चा. पट लहान असल्यामुळे एका खेळात ६०, दुसऱ्यात ८० असं येऊ शकतं. पाच-सहा खेळांची सरासरी काढा.

आणखी एक गंमत बघण्यासारखी आहे. मागणी ८० टक्क्यांपर्यंत वाढवा आणि नाराज दाण्याला चिठ्ठीनं निघेल त्या रिकाम्या घरात जाऊ द्या. गट आणखी घट्ट व्हायला हवेत ना? होत नाहीत. जवळजवळ कुणाचंच समाधान टिकत नाही, दाणे सतत हलत राहतात आणि पट मिसळलेलाच दिसतो. म्हणजे वस्तीचा नकाशा बघून तिथल्या लोकांच्या मनात किती द्वेष आहे हे ओळखता येत नाही. मन मवाळ असूनही वस्ती तुटलेली असू शकते, आणि उलटही. ‘एवढी तुटलेली वस्ती म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं असणार’ हा निष्कर्ष इथं गळून पडतो. पण ‘हे आपोआपच झालं, कुणी काही केलं नाही’ हाही निष्कर्ष निघत नाही, आणि शेलिंगचं नाव घेणारे लोक नेमके हेच विसरतात. अमुक कारणानंही असं होऊ शकतं, इतकंच प्रारूप सांगतं.

शिवाय त्या पटावर कुणाचं काही बिघडलं का? चिंचोके एका कोपऱ्यात, हरभरे दुसऱ्या, दोघेही समाधानी. आता वरच्या दोन ओळींना चांगली शाळा आणि नळाचं पाणी द्या. तिथं जायला पाच रुपये लागतात असा नियम करा. सुरुवातीला चिंचोक्यांना सहा-सहा रुपये द्या, हरभऱ्यांना चार-चार. वरच्या ओळीत असलेल्याला प्रत्येक फेरीला एक रुपया मिळू द्या. कुणीही कुणाचा द्वेष करत नाही, नियम दोघांना सारखा, तरी वरच्या ओळींत चिंचोक्यांचं प्रमाण वाढत जातं आणि पैशाचं अंतर वाढतच जातं. यात तीन गोष्टी लागल्या: आधीचा फरक, जागेला चिकटलेला लाभ आणि वरून निःपक्ष दिसणारा नियम. यांतली एकही काढून घेतली तर उतरंड तयार होत नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली या दुसऱ्या खेळात आहे.

अमेरिकेत आधीचा फरक गुलामगिरीनं तयार केला होता, हे सांगायला नको. जागेला लाभ चिकटवण्याचं काम मात्र विसाव्या शतकात सरकारनं कागदोपत्री केलं. १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशननं दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार श्रेणी दिल्या. ‘धोक्याच्या’, म्हणजे कर्ज बुडेल असं मानलेल्या, वस्त्यांना लाल रंग, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल. १९३४ पासून फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन गृहकर्जांचा विमा उतरवू लागलं, आणि त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत घर अमुक वंशाच्या माणसाला विकणार नाही अशा करारांची शिफारस होती. असे करार न्यायालयांनी अमलात आणायचे नाहीत हा निकाल १९४८ चा, शेली विरुद्ध क्रेमर. घरांच्या व्यवहारात भेदभाव बेकायदा ठरवणारा केंद्रीय कायदा १९६८ चा. तोवर एक पिढी घराची मालकी घेऊन पुढं गेली होती आणि दुसरी भाड्याच्या घरात राहिली होती. त्यात तिथल्या शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. घर स्वस्त, तर कर कमी, तर शाळा गरीब. आज तिथलं एखादं जोडपं ‘आम्ही फक्त चांगली शाळा बघून घर घेतलं’ म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. निवड त्यांचीच असते, पण ज्या दोन पर्यायांतून त्यांनी निवडलं ते पर्याय दुसऱ्यांनी आखलेले असतात.

आता कोल्हापूर. भाड्याच्या घराचा व्यवहार घ्या. समजा १०० फ्लॅट रिकामे आहेत आणि त्यांतले ४० मालक एका समाजाला देत नाहीत. साठ तर उघडे आहेत, थोडं जास्त फिरावं लागेल, असं वाटतं. मध्ये एजंट आहे हे आपण विसरतो. एजंटाला दलाली व्यवहार झाला तरच मिळते. पाचपैकी दोन ठिकाणी नकार येणार हे त्याला माहीत आहे, आणि कुठल्या दोन ठिकाणी येईल हे नक्की माहीत नाही. मग तो पेट्रोल वाचवतो. त्या कुटुंबाला तो जिथं खात्री आहे तेवढेच फ्लॅट दाखवतो, तेही बहुतेक त्याच समाजाची घरं असलेल्या गल्लीत. ज्या मालकांची काहीच हरकत नव्हती त्यांच्यापर्यंत ते कुटुंब पोचतच नाही. मालकांचा नकार ४० टक्के होता, कुटुंबाच्या वाट्याला आलेला नकार ७० टक्के झाला. वाढीव ३० टक्क्यांत द्वेष शून्य आहे. आकडे कल्पित आहेत, यंत्रणा खरी आहे. आणि ‘आडनाव काय?’, ‘गाव कुठलं?’, ‘पाहुणे कोण?’ हे प्रश्न विचारणाऱ्याला आपण चौकशी करतोय असंच वाटत असतं.

नोकरीत हेच ओळखीमुळं होतं. उद्यमनगरात किंवा शिरोलीत लहान कारखान्याला टर्नर-फिटर हवा असेल तर मालक जाहिरात देत नाही. जुन्या कामगाराला सांगतो, ‘कुणी चांगला पोरगा असला तर बघ.’ यात शहाणपणही आहे: शिफारस करणारा जबाबदार राहतो. आता हिशेब बघा. कारखान्यात एका समाजाचे ९० टक्के, दुसऱ्याचे १० टक्के आणि गावात त्या दुसऱ्या समाजाचे कुशल कामगार ३० टक्के. सगळी भरती ओळखीनं आणि ओळख आपल्याच समाजातली असेल तर प्रमाण ९०:१० वरच राहतं, कायमचं. एकाही उमेदवाराला कुणी नाकारलेलं नाही. समजा मालकानं ठरवलं की चौथा हिस्सा जागा खुल्या जाहिरातीनं भरायच्या. दरवर्षी दहा टक्के कामगार बदलतात असं धरलं तर १० आणि ३० मधलं अंतर दरवर्षी अडीच टक्क्यांनीच कमी होतं, आणि ते निम्मं व्हायला सुमारे २७ वर्षं लागतात. निम्म्या जागा खुल्या केल्या तर साडेतेरा-चौदा वर्षं. ‘भेदभाव तर कधीच संपला, आता का रडता?’ असं विचारणाऱ्यानं हा हिशेब एकदा करून बघावा.

तिसरी गोष्ट दारांच्या संख्येची. नोकरी मिळायला पाच टप्पे आहेत असं धरा: जाहिरात कळणं, अर्जाची छाननी, लेखी, मुलाखत, कागदपत्रं. एका गटाचे प्रत्येक टप्प्यावर ९० टक्के पुढं जातात, दुसऱ्याचे ८०. अमेरिकेत १९७८ पासून एक ठोकताळा वापरतात: एका गटाचं निवडीचं प्रमाण सर्वाधिक निवडल्या गेलेल्या गटाच्या चार पंचमांशांपेक्षा कमी असेल तर तपासणी करा. इथं प्रत्येक टप्प्यावर ८० भागिले ९० म्हणजे ०.८९, कुठलाच अधिकारी दोषी नाही. पण शेवटी पोचतात ५९ टक्के आणि ३३ टक्के, म्हणजे ०.५५. पाच निर्दोष दारं मिळून एक सदोष इमारत तयार होते. म्हणून टप्प्याटप्प्याचा अहवाल मागवून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारी समिती प्रामाणिक असूनही चुकते. एकूण गुणोत्तर वेगळं काढावंच लागतं.

नियम निःपक्ष दिसण्याचं जुनं उदाहरण म्हणजे ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर, १९७१. नॉर्थ कॅरोलिनातल्या वीज कंपनीनं बऱ्या खात्यांत जायला शालान्त प्रमाणपत्र आणि दोन चाचण्या सक्तीच्या केल्या. १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात ३४ टक्के गोऱ्या पुरुषांकडं ते प्रमाणपत्र होतं, कृष्णवर्णीयांत १२ टक्क्यांकडं. आणि आधीपासून कामावर असलेले, प्रमाणपत्र नसलेले गोरे लोक ती कामं व्यवस्थित करत होते. न्यायालयानं हेतूचा मुद्दा बाजूला ठेवून विचारलं: या अटीचा कामाशी संबंध काय? आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली लेफ्टनंट कर्नल नितीशा खटल्यात, लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी नेमणुकीबाबत, अप्रत्यक्ष भेदभावाचं हेच तत्त्व उचलून धरलं. नियम सगळ्यांना सारखा आहे, हा बचाव आता पुरत नाही.

मग वाईट हेतूचा वाटा काहीच नाही का? आहे, आणि तो सगळीकडं सारखा पसरलेला नसतो. बर्ट्रांड आणि मुल्लयनाथन यांचा २००४ साली छापलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: बॉस्टन आणि शिकागोत सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त नावं वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला दहा अर्जांमागं एक उत्तर, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला पंधरामागं एक. यात एकही कंपनी दोषी म्हणून दाखवता येत नाही, कारण एकेका कंपनीकडं गेले मोजून चार अर्ज. त्यावरून अनेकांनी काढलं, ‘सगळेच थोडे थोडे जबाबदार.’ पण क्लाइन, रोझ आणि वॉल्टर्स यांनी २०२२ साली छापलेल्या अभ्यासात १०८ बड्या कंपन्यांकडं सुमारे ८३ हजार अर्ज पाठवून प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र अंदाज काढला, तेव्हा एकूण नुकसानापैकी जवळजवळ निम्मं नुकसान सर्वाधिक भेदभाव करणाऱ्या एक पंचमांश कंपन्यांत सापडलं. ‘सगळेच दोषी’ म्हणालो की हा वरचा पाचवा हिस्सा गर्दीत लपतो. भारतातही सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली छापलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडं सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून आडनावाचा परिणाम दाखवला. दलित आडनावांना आणि त्याहून जास्त मुस्लिम नावांना फटका बसला. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून नोंदवलं की ‘आम्ही फक्त गुणवत्ता बघतो’ म्हणणारे अधिकारी मुलाखतीत घराण्याची पार्श्वभूमीही विचारत होते. त्यांना यात विसंगती दिसत नव्हती.

जात आणि वंश एकच, असं म्हणायचं नाही. जातीचे नियम स्पष्ट शब्दांत सांगितलेले होते, पाणवठ्यावर आणि लग्नात दंडशक्तीनं पाळवले गेले. ते सुट्या निवडींतून उगवले नाहीत. सुट्या निवडी त्यांना फक्त चालू ठेवतात.

उपायाच्या बाबतीत कोल्हापूरकरानं बाहेरची उदाहरणं शोधायची गरज नाही. १८९४ साली, शाहू महाराजांना अधिकार मिळाले त्या वर्षी, संस्थानच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडं होत्या. यामागं ‘इतरांना घेऊ नका’ असा हुकूम असण्याची गरजच नव्हती. इंग्रजी शिक्षण एका समाजात, त्यामुळं पात्र उमेदवार त्याच समाजात, त्यामुळं वरिष्ठ तेच, त्यामुळं जागा निघाल्याची खबर त्यांच्याच घरी. वरच्या कारखान्याचाच हा मोठा अवतार. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्यातले बाकीचे तपशील मात्र कमी वाचले जातात. ज्या कचेरीत प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथं पुढची नेमणूक त्या वर्गातल्या माणसाचीच. मागासलेले वर्ग कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून सगळे, अशी व्याख्याही तिथंच. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं झालेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता सादर करायचा. कुणाचं मन बदलण्याची वाट बघितलेली नाही. दार बदललंय आणि दारावर मोजणारा बसवलाय. १९१२ पर्यंत ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ उरले.

वसतिगृहांचं काम याहून शिकण्यासारखं आहे. १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वेगवेगळी बोर्डिंगं निघाली, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघालं. दसरा चौकाच्या आसपास यांतल्या काही संस्था आजही आहेत. गट तसेच ठेवले, कारण त्या काळी एका पंगतीला बसवायला गेलं असतं तर मुलंच आली नसती. पण गटाला चिकटलेला तोटा, म्हणजे शहरात राहायला जागा नाही म्हणून शिक्षण नाही, तो तोडला. याची किंमतही आहे: जातवार बोर्डिंगांतून जातवार ओळखी घट्ट होतात आणि ओळखीनं होणाऱ्या भरतीला खतपाणी मिळतं. तरी क्रम बरोबर होता असं मला वाटतं.

आज आपल्याकडं तपासणी करायची असेल तर भाड्याच्या घरांपासून करा, ते सर्वांत स्वस्त पडतं. दोन फोन करणारे घ्या, आवाज आणि बोलण्याची ढब जुळणारी. नोकरी, पगार, कुटुंबातली माणसं, अनामत, राहायला यायची तारीख, सगळं एकाच कागदावर लिहून दोघांना द्या. आधी कोण फोन करणार हे प्रत्येक जाहिरातीला नाणं उडवून ठरवा, आणि दोन फोनांत एक दिवसापेक्षा जास्त अंतर ठेवू नका, नाहीतर फ्लॅट खरंच गेलेला असतो. उत्तराचे चार प्रकार नोंदवा: बघायला या, नंतर सांगतो, अट घातली, गेला. ‘गेला’ म्हटलेल्या फ्लॅटची जाहिरात आठवड्यानं पुन्हा बघा.

नावात सगळ्यात जास्त चूक होते. कोल्हापुरात ‘पाटील’ हे आडनाव चाचणीला निरुपयोगी आहे. तो मराठा असेल, जैन असेल, लिंगायत असेल. मालकाच्या कानाला जात स्पष्ट कळेल अशी आडनावं निवडा आणि आधी शहरातल्या वीसेक माणसांना विचारून खात्री करा. एका बाजूला ८० टक्के होकार आणि दुसऱ्या बाजूला ६० असा फरक पकडायचा असेल तर प्रत्येक बाजूला ८० च्या आसपास फोन लागतात. पण फरक ७५ विरुद्ध ७० इतका बारीक असेल तर १२५० च्या आसपास. तीस फोन करून ‘भेदभाव आढळला नाही’ असं जाहीर करणं म्हणजे काहीच न मोजणं. घर बघायला जायचं कबूल करून मालकाचा दिवस अडवू नका, आणि एकट्यादुकट्या मालकाचं नाव जाहीर करू नका. एका फोनवरून त्याच्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. एजंटांचं वेगळं आहे. एकाच एजंटाकडून फोनांच्या वीस-पंचवीस जोड्या मिळाल्या तर कुणाला कुठल्या गल्लीतले फ्लॅट सुचवले याचा नकाशा काढता येतो, आणि तो नकाशा होकार-नकारापेक्षा जास्त बोलतो.

कारखान्यात किंवा संस्थेत असाल तर शाहूंचा तिमाही तक्ता पुन्हा सुरू करायला एक वही पुरते. जागा कशी कळवली, अर्ज किती, प्रत्येक टप्प्यावर कोण राहिलं, शिफारस कुणाची, आणि नाकारण्याचं कारण त्याच दिवशी लिहिलेलं. समाजाची माहिती उमेदवारानं स्वतः द्यायची आणि ती निवड करणाऱ्याच्या हाती जाऊ द्यायची नाही. वर्षाला पाच-सातच जागा भरत असाल तर एका वर्षाच्या गुणोत्तराला अर्थ नसतो. तीन-चार वर्षांच्या नोंदी एकत्र करा, किंवा आजूबाजूच्या दहा कारखान्यांच्या वह्या एकत्र मांडा.